रूप स्टेकचं, गुण खिम्याचा

कबाबासाठी खिमा मळायला घेतला की पहिली दोन-चार मिनिटं तो ऐकत नाही. मुठीत धरला तर बोटांमधून निसटतो, सळईवर थापला तर गळून पडतो. मग त्यात मीठ पडतं, तळहातानं रगडणं सुरू होतं आणि बघता बघता त्याचा स्वभाव पालटतो. खिम्यावर चकाकी येते, तो परातीला चिकटतो, बोटांना ओढ देतो. आता तो सळईवर धरून राहणार, हे मळणाऱ्याला हातानंच कळतं. अंडं घातलेलं नसतं, डाळीचं पीठही नसतं. मग हा चिकटपणा आला कुठून?

तो मांसातूनच आलेला असतो. स्नायूंच्या तंतूंमध्ये मायोसिन नावाचं प्रथिन असतं. साध्या पाण्याला ते दाद देत नाही, पण मिठाच्या पाण्यात विरघळतं. मीठ लावून रगडलं की ते तंतूंतून बाहेर येतं आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचा बुळबुळीत थर बसतो. आच लागली की हा थर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट होतो आणि तुकडे एकमेकांना सांधले जातात.

परातीतली ही क्रिया कारखान्यात नेली, खिम्याऐवजी मांसाचे मोठे तुकडे घेतले आणि तळहाताऐवजी फिरणारं पोलादी पिंप वापरलं, की जे तयार होतं त्याला मांसउद्योगात पुनर्रचित मांस म्हणतात. तुकडे जोडून, साच्यात दाबून, वर स्टेकसारखे काप करून ते विकलं जातं. युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये या स्टेकवरून गेल्या काही दशकांत बरीच वादावादी झाली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यातल्या चिकटद्रव्याला ‘मीट ग्लू’ असं नाव दिलं आणि वाचकांच्या अंगावर शहारा आणला. पण या प्रकरणात काळजी करण्यासारखी जी गोष्ट आहे, ती डिंकात फारशी नाही. ती दुसरीकडेच दडलेली आहे.

तुकडे जोडायचेच कशाला?

स्टेक म्हणजे स्नायूचा आडवा, जाडसर काप. तो झटपट भाजायचा असल्यामुळे मांस मुळात मऊ असावं लागतं. जनावराच्या शरीरात असे मऊ स्नायू थोडेच. पाठीच्या कण्याजवळचे स्नायू फारसे राबत नाहीत, म्हणून ते कोवळे राहतात. खांदा, मान आणि पाय दिवसभर काम करतात. त्यांचं मांस चवीला उत्तम, पण चिवट. त्याला रस्स्यात तासभर शिजायला हवं. शिवाय कापताना उरणारे लहान तुकडे वेगळेच. स्टेकला मिळणारा भाव आणि या तुकड्यांना मिळणारा भाव यांत मोठी तफावत असते. ती भरून काढण्याची धडपड म्हणजे पुनर्रचित मांस.

अमेरिकी लष्कराला हा प्रश्न आधी पडला. हजारो सैनिकांच्या ताटात एकाच वजनाचा, एकाच जाडीचा आणि कमी खर्चाचा स्टेक पडावा म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिकच्या लष्करी प्रयोगशाळेनं मांसाचे पातळ पापुद्रे काढून ते पुन्हा साच्यात बसवण्याचं तंत्र विकसित केलं. त्याच सुमारास, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, नेब्रास्का विद्यापीठातले मांसशास्त्रज्ञ रॉजर मँडिगो डुकराच्या मांसावर काम करत होते. खांद्याच्या स्वस्त मांसाला मीठ लावून, घुसळून, साच्यात घालून त्यांनी हवा तो आकार देऊन दाखवला. १९८१मध्ये मॅकडोनाल्ड्सनं आणलेल्या ‘मॅकरिब’ला याच संशोधनाचा आधार होता. त्या सँडविचमधल्या मांसावर बरगड्यांचे उंचवटे दिसतात, पण आत एकही हाड नसतं.

या मिठाच्या पद्धतीत एक अडचण होती. मायोसिनचा थर घट्ट व्हायला उष्णता लागते. त्यामुळे कच्चा स्टेक हातात घेतला तर त्याचे तुकडे होण्याची भीती. म्हणून असं मांस एकतर गोठवलेलं विकावं लागे, नाहीतर आधीच शिजवलेलं. भरीस भर म्हणजे मिठामुळे कच्च्या मांसाचा लाल रंग लवकर काळपट, तपकिरी होतो आणि चरबीला खवट वास लवकर धरतो. गिऱ्हाईक मांस पहिल्यांदा रंगावरून पारखतं, तेव्हा ही पंचाईत मोठीच. मीठ न घालता आणि आच न लावता, थंड मांसच जोडता येईल का, हा पुढचा प्रश्न होता.

तीन थंड डिंक

पहिलं उत्तर समुद्रातून आलं. तपकिरी समुद्रशैवालातून अल्जिनेट नावाचा पदार्थ मिळतो. दातांचा साचा घेताना दंतवैद्य जो गारगार लगदा तोंडात भरतात आणि जो मिनिटा-दोन मिनिटांत रबरासारखा होतो, तो याच घराण्यातला. अल्जिनेटच्या लांब साखळ्यांना कॅल्शियम भेटलं की त्या एकमेकींना धरतात आणि जेली तयार होते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हीच युक्ती गोमांसाच्या स्टेकसाठी वापरली. मीठ नसल्यामुळे रंग टिकला, जोड फ्रिजमध्येच बसला आणि आचेवरही सुटला नाही. पण ही जेली मांसाच्या फटींमध्ये लांबीसारखी भरते. मांसाशी तिचं नातं वरवरचं असतं, म्हणून खाताना जोडाची जागा किंचित मऊ, निसरडी लागू शकते.

दुसरं उत्तर रक्तातून आलं. महाराष्ट्रात ज्यांच्या घरी रक्ती होते, त्यांना हे समजावून सांगायला नको. बोकडाचं रक्त भांड्यात धरलं की थोड्या वेळात त्याची वडी बसते. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. थ्रॉम्बिन नावाचं विकर त्याचे धागे विणतं आणि त्या जाळ्यात रक्त गोठतं. नेदरलँड्समध्ये गायी-डुकरांच्या रक्तातून ही दोन्ही द्रव्यं वेगळी काढून मांसाचा डिंक म्हणून विकायला सुरुवात झाली. दोन्ही मिसळायची, मांसाच्या तुकड्यांना चोळायची, साच्यात दाबायची आणि रात्रभर थंडीत ठेवायची. जखमेवर खपली धरावी तसा जोड धरतो.

तिसरं उत्तर सगळ्यांत जास्त गाजलं: ट्रान्सग्लुटामिनेज. प्रथिनं ही अमिनो आम्लांची माळ असते. या माळेतल्या ग्लुटामिन आणि लायसिन या दोन मण्यांना हे विकर एकमेकांशी कायमचं बांधून टाकतं आणि त्या गाठीतून अमोनियाचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणजे इथे दोन तुकड्यांच्या मध्ये डिंक बसत नाही. एका तुकड्याचं प्रथिन थेट दुसऱ्याच्या प्रथिनाशी बांधलं जातं. म्हणून हा जोड चिवट होतो. आपल्या शरीरातही या जातीची विकरं आहेत. रक्ताची गाठ पक्की करणारा ‘फॅक्टर १३’ त्यांपैकीच एक.

सुरुवातीची अनेक वर्षं हे विकर गिनीपिगच्या यकृतातून काढलं जाई. इतक्या महागड्या मालावर उद्योग उभा राहणं शक्य नव्हतं. १९८९च्या सुमारास जपानी संशोधकांना मातीतल्या एका सूक्ष्मजीवात, स्ट्रेप्टोमायसिस मोबारेन्सिसमध्ये, असंच विकर सापडलं. ते टाकीत हवं तेवढं वाढवता येतं आणि त्याला कॅल्शियमचीही गरज लागत नाही. आजिनोमोटो कंपनीनं ते बाजारात आणलं. पांढरी पूड मांसावर भुरभुरायची, तुकडे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी जो लांबट गोळा निघतो, तो सुरीनं कापला तरी सुटत नाही.

स्वयंपाकघरातल्या कलावंतांनीही ही पूड उचलली. न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूडी-५०’ या उपाहारगृहात वायली डुफ्रेन यांनी कोळंबीच्या लगद्यापासून चक्क नूडल्स केले होते. माशाच्या दोन शेपट्या उलटसुलट जोडून एकसारख्या जाडीचा तुकडा करायचा म्हणजे तो सगळीकडे सारखा शिजतो, ही युक्तीसुद्धा याच पुडीची. पूड एकच; तिनं काय साधायचं ते वापरणाऱ्याच्या हातात.

डिंक पोटात गेला तर?

ट्रान्सग्लुटामिनेज हे स्वतः प्रथिन आहे. मांस नीट शिजलं की इतर प्रथिनांसारखंच ते निकामी होतं आणि पचतं. त्यानं बांधलेली गाठही निसर्गाला नवी नाही; शिजवलेल्या मांस-माशांत अशा गाठी आधीपासून असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९०च्या दशकाच्या अखेरीस या विकराच्या खाद्यवापरावर हरकत घेतली नाही. मांसासाठी तिथे दहा लाख भागांत ६५ भागांची मर्यादा आहे. अल्जिनेट तर आइस्क्रीमपासून सॅलडच्या ड्रेसिंगपर्यंत कित्येक पदार्थांत असतं.

तरी दोन बाबतींत सावध राहायला हवं. पहिली ॲलर्जीची. विक्रीच्या पुडीत विकराच्या जोडीला बहुधा दुधातलं केसिनेट असतं, कारण त्यानं जोड आणखी पक्का होतो. दुधाची ॲलर्जी असलेला माणूस स्टेकमध्ये दूध असेल अशी शंका घेणार नाही, म्हणून ते वेष्टनावर लिहिलेलं असणं गरजेचं ठरतं.

दुसरी बाब सिलिॲक आजाराची. या आजारात गव्हातलं ग्लुटेन सहन होत नाही. १९९७मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की या रुग्णांचं शरीर स्वतःच्याच ऊतींमधल्या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यावरून सूक्ष्मजीवांपासून मिळालेलं विकर अन्नातून गेलं तर या आजाराला हातभार लागेल का, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी उपस्थित केला. प्रश्न रास्त आहे; पण जोडलेला स्टेक खाल्ल्यानं हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. कोरडी पूड नाकात जाऊ नये ही काळजी मात्र ती हाताळणाऱ्यानं घ्यायची असते, कारण विकरांची धूळ श्वासातून गेली की ॲलर्जी उद्भवू शकते.

थोडक्यात, डिंकावरचा आरोप फारसा टिकत नाही. खरा धोका डिंक कशाला चिकटवतो, यात आहे.

बाहेरची बाजू आत गेली की

निरोगी जनावराच्या अखंड स्नायूचा आतला भाग जवळपास निर्जंतुक असतो. जंतू येतात ते कातडी सोलताना, आतडी काढताना, सुरीवरून, पाट्यावरून. आणि ते बसतात पृष्ठभागावर. म्हणूनच अखंड स्टेक दोन्ही बाजूंनी कडक तापलेल्या तव्यावर भाजला आणि आतून लाल ठेवला तरी खाणारा सहसा आजारी पडत नाही. आग बाहेर, जंतूही बाहेर. अर्धकच्चा ‘रेअर’ स्टेक खाण्याची पाश्चात्त्य रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

आता मांसाचे आठ तुकडे घ्या. प्रत्येकाला चहूकडून पृष्ठभाग आहे, प्रत्येक पृष्ठभागावर सुरीचा आणि हाताचा स्पर्श झालेला आहे. ते जोडून गोळा केला की जे बाहेर होतं ते आत गेलं. तव्याची आच जिथे पोहोचत नाही, बरोबर तिथे जंतूंना जागा मिळाली. शिवाय आठ तुकडे आठ जनावरांचे असू शकतात. एकाच तुकड्यात दोष असला तरी तो सगळ्या गोळ्याला लागतो आणि मागे जाऊन तो तुकडा कुठून आला हे शोधणं अवघड होतं.

यातला सगळ्यांत भयंकर पाहुणा म्हणजे ई. कोलाय ओ१५७:एच७. गुराढोरांच्या आतड्यात तो निवांत राहतो, त्यांना त्रास देत नाही. माणसाच्या पोटात शंभराहून कमी जंतू गेले तरी रक्ताचे जुलाब होऊ शकतात, आणि लहान मुलांमध्ये मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत मजल जाते. १९९३मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात एका हॅम्बर्गर साखळीतल्या कमी शिजलेल्या खिम्यामुळे ७००हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. त्यानंतर १९९४मध्ये अमेरिकी कृषी खात्यानं कच्च्या खिम्यात हा जंतू आढळला तर तो माल भेसळयुक्त मानायचं ठरवलं. १९९९मध्ये हाच नियम अखंड नसलेल्या सगळ्या गोमांसाला लागू असल्याचं स्पष्ट केलं. सुयांनी टोचून मऊ केलेलं मांस त्यात आलं आणि तुकडे जोडलेलं मांसही. कायद्याच्या नजरेत जोडलेला स्टेक तेव्हा खिम्याच्या पंगतीत जाऊन बसला.

ही केवळ कागदावरची भीती नव्हती. २००९मध्ये जपानमध्ये स्टेकच्या साखळी-उपाहारगृहांत ओ१५७ची लागण झाली. तिथे तापलेल्या लोखंडी तबकावर मांसाचे चौकोनी तुकडे समोर येत आणि गिऱ्हाईक ते आपल्या आवडीनुसार भाजून घेई. ते तुकडे जोडलेल्या मांसाचे होते. खाणाऱ्यानं अखंड स्टेक समजून बाहेरून भाजले, आतून कच्चे ठेवले. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. समोर आलेल्या वस्तूच्या रूपावर त्यानं भरवसा ठेवला होता. तीन वर्षांनी कॅनडातही असाच धडा मिळाला. २०१२मध्ये अल्बर्टातल्या एका मोठ्या कारखान्याचं मांस बाजारातून परत मागवावं लागलं. आजारी पडलेल्यांपैकी काहींनी सुयांनी टोचलेले स्टेक खाल्ले होते. सुईच्या टोकानं पृष्ठभागावरचा जंतू आत ढकलला होता. २०१४पासून कॅनडात अशा स्टेकच्या वेष्टनावर तसं लिहिणं आणि शिजवण्याची सूचना छापणं सक्तीचं झालं.

मग अशा स्टेकचं करायचं काय? उत्तर सोपं आहे: खिम्याला जो नियम, तोच याला. अमेरिकी कृषी खातं घरच्या स्वयंपाकासाठी सांगतं की गोमांसाचा अखंड स्टेक मध्यभागी ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीन मिनिटं तसाच राहू द्यावा. खिमा मात्र ७१ अंशांपर्यंत न्यावा. जोडलेला स्टेक ७१ अंशांपर्यंत नेला की प्रश्न मिटतो. कमी तापमानावर जास्त वेळ ठेवूनही तोच परिणाम साधता येतो. मांसाच्या मध्यात ६० अंश तापमान सुमारे १२ मिनिटं टिकवलं तर जंतूंचा तितकाच नाश होतो, म्हणून मांस पिशवीत बंद करून गरम पाण्यात शिजवणारे आणि त्या पाण्याच्या तापमानावर बारकाईनं नियंत्रण ठेवणारे व्यावसायिक आचारी हा मार्ग घेतात. रंगावरून अंदाज बांधू नये. मांस तपकिरी दिसलं म्हणजे शिजलंच असं नसतं. टोकदार दांडीचा स्वयंपाकाचा थर्मामीटर मध्यापर्यंत खुपसणं, हाच खरा उपाय. आणि फ्रिजरवर विसंबू नये. गोठवल्यानं जंतू थिजतात, मरत नाहीत.

जोड ओळखता येतो का?

चांगला जोड नुसत्या नजरेला सापडत नाही. काही खुणा मात्र आहेत. अखंड स्नायूत तंतू एका दिशेनं जातात. एकाच कापात तंतूंची दिशा मध्येच वळलेली दिसली, किंवा चार स्टेक एकाच साच्यातून पडल्यासारखे हुबेहूब गोल असले, तर शंका घ्यावी. भाजताना एखादी सरळ भेग उघडू लागली तर तीही खूण.

गुणवत्तेच्या दृष्टीनं सगळी मदार आधीच्या साफसफाईवर असते. विकर प्रथिनाला धरतं, चरबीला धरत नाही. तुकड्यांमध्ये चरबीचा पदर किंवा पांढरा पडदा राहिला तर तिथे जोड कच्चा राहतो. शिवाय चिवट पडदे डिंकानं मऊ होत नाहीत. आचेवर ते आकसतात आणि स्टेकचा आकार वेडावाकडा होतो. मीठ किंवा फॉस्फेट अजिबात नसेल तर मांस पाणी कमी धरतं आणि घास कोरडा लागू शकतो; जास्त असेल तर पोत हॅमसारखा रबरी होतो. नेटकं काम केलेला जोडलेला स्टेक खायला चांगला असतो, पण प्रत्येक घासाला सारखाच लागतो. अखंड स्टेकमध्ये एक कड रसाळ, दुसरी थोडी चिवट, मध्ये चरबीची एखादी रेघ, अशी जी गंमत असते ती इथे हरवते.

या तंत्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. तुकडे वाया जात नाहीत आणि ज्यांना भारी स्टेक परवडत नाही त्यांना कमी पैशांत मऊ मांस मिळतं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत म्हशीच्या पुनर्रचित मांसावर संशोधन झालं, त्यामागेही म्हाताऱ्या जनावरांच्या चिवट मांसाला चांगला उपयोग मिळावा हाच विचार होता.

एका मताचा फरक

१९ मे २०१० रोजी युरोपीय संसदेसमोर रक्तातून काढलेल्या थ्रॉम्बिनला मांसाचा डिंक म्हणून परवानगी द्यायची की नाही, हा प्रश्न होता. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ते आरोग्याला घातक वाटलं नव्हतं. वेष्टनावर स्पष्ट लिहावं आणि उपाहारगृहांत वापरू नये, अशा अटींसह परवानगीचा प्रस्ताव होता. तो फेटाळायला ३६९ मतं हवी होती. विरोधकांना ३७० मिळाली. खासदारांचा मुख्य आक्षेप फसवणुकीचा होता: एकदा मांस ताटात आलं की वेष्टन कोण बघणार? अनेक पृष्ठभाग आत गेल्यानं जंतूंचा धोका वाढतो, हेही त्यांनी मांडलं होतं.

बाकीचे डिंक मात्र राहिले. मग युरोपनं नावाचा मार्ग धरला. डिसेंबर २०१४पासून तिथे नियम आहे की अखंड तुकड्यासारखं दिसणारं पण वेगवेगळे तुकडे इतर घटकांनी जोडून केलेलं मांस किंवा मासा असेल, तर वेष्टनावर ‘फॉर्म्ड मीट’, ‘फॉर्म्ड फिश’, म्हणजे घडवलेलं मांस, घडवलेला मासा, असं लिहायलाच हवं. अमेरिकेतही ‘फॉर्म्ड’ किंवा ‘रिफॉर्म्ड’ हा शब्द नावातच लागतो. न्यू जर्सीत किंवा लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी माणसानं सुपरमार्केटच्या थंड कपाटासमोर उभं असताना हा एक शब्द शोधायला शिकावं. जे धर्मानं किंवा घरच्या रीतीनं गोमांस वा डुक्कर खात नाहीत त्यांनी घटकांची यादीही वाचावी, कारण रक्तापासूनचा डिंक या दोन्ही जनावरांपासून येऊ शकतो. ज्यू धर्मीयांना तर केसिनेटही अडचणीचं, कारण त्यांच्यात दूध आणि मांस एकत्र चालत नाही.

वेष्टनाचा नियम दुकानात चालतो. उपाहारगृहात पदार्थपत्रिका हेच वेष्टन. जपानला हे २०१३च्या शरद ऋतूत कळलं. ओसाकाच्या एका मोठ्या हॉटेल समूहानं पदार्थपत्रिकेत खोटी वर्णनं छापल्याची कबुली दिली आणि पाठोपाठ देशभरातल्या हॉटेलांच्या कबुल्यांची रांग लागली. नारामधल्या एका नामांकित निवासात ‘वाग्यू’, म्हणजे जपानी गोमांस, म्हणून दिलेलं मांस प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातल्या गोमांसाचे तुकडे जोडून केलेलं होतं. पुढच्या मार्चमध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेनं मार्गदर्शिका काढली: जोडलेलं मांस नुसतं ‘स्टेक’ म्हणून विकणं ही दिशाभूल आहे.

रत्नागिरीची राणी

जोडलेला पदार्थ नावानिशी, उजळ माथ्यानं विकता येतो याचं उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. कोकणात राणी नावाचा गुलाबी मासा मिळतो. रत्नागिरीच्या कारखान्यांत तो सोलून, धुऊन, दळून त्याची सुरिमी करतात आणि ती परदेशी जाते. सुरिमी म्हणजे माशाच्या शुद्ध प्रथिनाचा लगदा. गोठवताना प्रथिन बिघडू नये म्हणून त्यात थोडी साखर घालतात. ही युक्ती १९६०च्या सुमारास होक्काइदोमध्ये सापडली. मीठ घालून वाटला की हा लगदा खिम्यासारखाच चिकट होतो. जपानी कारागीर तो कोमट जागी काही काळ ठेवतात आणि तो आपोआप लवचीक होतो. या टप्प्याला ते ‘सुवारी’ म्हणतात. कारण पुढे उलगडलं: माशाच्या स्नायूत स्वतःचं ट्रान्सग्लुटामिनेज असतं. ज्या विकराच्या नावानं लोक बिचकतात, त्यावर जपानी माशाच्या वड्या शतकानुशतकं बसत आल्या आहेत.

खेकड्याच्या पायासारख्या दिसणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्या या सुरिमीपासूनच होतात. त्यांत खेकडा नसतो, आणि हे खाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. त्या आधीच पूर्ण शिजवलेल्या असतात. त्यामुळे त्यांच्या जोडापायी कुणी आजारी पडत नाही आणि आपण फसलो असंही कुणाला वाटत नाही.

कबाबाचंही तेच. सीख कबाब मागवणाऱ्याला कुणी विचारत नाही की आत कच्चा ठेवू का. खिमा हा शब्दच सांगतो की हे मांस आरपार शिजायला हवं. स्टेक हा शब्द वेगळं सांगतो: बाहेरून भाज, आत हवा तसा ठेव. जोडलेल्या स्टेकचा सगळा घोळ असा की त्याचा गुण खिम्याचा, पण त्याला नाव मिळालं स्टेकचं. पदार्थाचं नाव म्हणजे शिजवणाऱ्याला दिलेली सूचना असते. नाव खोटं निघालं की आचही चुकते.

परदेशात कधी टेबलाशी बसलात आणि वाढप्यानं विचारलं, “रेअर, मीडियम की वेल डन?” तर उत्तर देण्याआधी त्यालाच एक प्रश्न विचारा: “अखंड आहे की जोडलेला?” जोडलेला म्हणाला, तर वेल डन.